पाकिटामागची ओळ

६ फेब्रुवारी

बोक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तीनदा वाचूनही तब्येतीबद्दल त्यात दीडच ओळ सापडली. "बीपी थोडं वाढलंय, डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले, बाकी मजेत." बाकी मजेत म्हणे! मजेत असलेला माणूस पत्राच्या शेवटी "बोटं दुखतायत म्हणून थांबतो" असं लिहितो का? दिवसभर शिवणयंत्रं खोलून जोडणाऱ्याची बोटं दोन पानं लिहून कधीपासून दुखायला लागली?

फोन कर म्हणतोस. छापखान्याच्या यंत्रांनी माझे कान कधीच खाल्लेत. फोनवर मी नुसती "काय? काय?" करत बसते आणि समोरचा वैतागतो. तेव्हा पत्रच लिही, आणि नीट लिही.

आता मिठाचं ऐक. वरून मीठ घेतलं नाही म्हणजे मीठ कमी झालं असं समजू नकोस. सॉस, चिप्स, डब्यातलं सूप, इतकंच काय, चहाबरोबरच्या गोड बिस्किटातसुद्धा मीठ असतं. पाकीट उलटं करायचं आणि मागे "सोडियम" शोधायचं. आणि पोटभर केळी खा, बटाटे, टोमॅटो, पालक खा. बीपीला चांगलं असतं ते.

मला कुठून एवढं कळतं विचारशील. रोज तेच तर करते. खाण्याची पाकिटं छापली जाण्याआधी त्यांच्यावरचा बारीक मजकूर माझ्या टेबलावर येतो. तू सगळ्यांना सांगतोस की ताई वाचायचा पगार घेते. खरं म्हणजे मी वाचत नाही रे. आमच्या जुन्या मोठ्या तपासनिसांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, शेवटच्या शब्दापासून सुरू करायचं आणि एकेक शब्द मागे मागे यायचं, गिऱ्हाइकाच्या कागदाशी ताडत. सरळ वाचलं की डोळा पुढे पळतो आणि नसलेलं अक्षरही वाचून मोकळा होतो. "अर्थ लागला की चूक दिसत नाही, बाई," म्हणायचे. सव्वीस वर्षांत माझ्या सहीचा एकही मजकूर चुकीचा निघालेला नाही. ही आपली उगाच बढाई. तुझ्याजवळ नाही मारायची तर कुणाजवळ?

कंडक्टरीणबाईंना सांग, नवऱ्यावर लक्ष ठेवा.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

लक्ष ठेवायला सांगतेस? तुझी कंडक्टरीणबाई बसमधल्या फुकट्यांवर ठेवत नाही एवढी पाळत माझ्या ताटावर ठेवते. पहाटे पाचला ड्यूटीवर जाते, पण त्याआधी माझा डबा भरून जाते. बटाटे बारीक चिरून उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचे, तेही ओतून द्यायचं. मग जे उरतं त्याला भाजी म्हणायचं. मीठ नाहीच. डबा उघडला की वाटतं, दुसऱ्याच कुणाचं तरी जेवण चुकून माझ्याकडे आलंय.

पाणी का ओततात विचारू नकोस. डॉक्टरांनी तिला एक कागद दिलाय आणि ती त्या कागदाबाहेर जात नाही. केळी हल्ली आवडत नाहीत. बोटांचं म्हणशील तर थोडी सुजतात, इतकंच. परवा सुईत दोरा ओवेना, तर समोरच्या शिवणाऱ्या बाईनं ओवून दिला आणि म्हणाली, "मिस्त्री, म्हातारे झालात." मी म्हटलं, माझ्या ताईला विचारा, तिच्या लेखी मी अजून सहा वर्षांचा आहे.

आहे की नाही? आई-बाबा गेले तेव्हा मी सहाचा आणि तू सोळाची. तुझी शाळा सुटली, माझी नाही सुटू दिलीस. हे मी लिहीत नाही कधी. आज बेचव जेवण जेवून हळवा झालोय असं समज.

तुझा बोका

३ मार्च

बोक्या,

सहा वर्षांचा असताना तू शेजारणीची अख्खी फणी केळी संपवली होतीस आणि सालं पलंगाखाली लपवली होतीस. आणि आता म्हणे आवडत नाहीत! भाजीचं पाणी ओतून देणं हा तर अडाणीपणा आहे. सगळं सत्त्व त्या पाण्यात जातं. तो कागद देणारा डॉक्टर कुठून शिकून आलाय? तुझ्या बायकोला रागावत नाही मी. ती बिचारी सांगितलंय ते करते.

पण आज तुझ्यासाठी एक गंमत आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे एका मिठाच्या पाकिटाचं काम होतं. साधं मीठ नाही, कमी सोडियमचं. वर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलंय, "चव तीच, सोडियम कमी. रक्तदाबाची काळजी घेणाऱ्यांसाठी." छपाई झाल्यावर गिऱ्हाइकानं नमुन्याची पाकिटं वाटली. सगळ्यांनी एकेक नेलं. मी चार मागून घेतली. मालक म्हणाले, दुकान काढताय का? म्हटलं, भावाच्या जेवणात मीठ नाही.

थोडं चाटून बघितलं. किंचित कडवट लागतं, पण मीठच आहे. चारही पाकिटं या खोक्यात आहेत. पुढून मागून, अक्षर न् अक्षर माझ्या हाताखालून गेलंय. बिनधास्त खा.

तुझी ताई

१७ मार्च

ताई!

काय सांगू! खोकं दुकानात आलं तेव्हा जेवायचीच वेळ होती. डब्यात तो दोनदा उकळलेला बटाटा. वर चिमूटभर टाकलं, मग आणखी थोडं, मग मोजणं सोडून दिलं. डोळ्यांत पाणी आलं अगं, खरंच. शिवणाऱ्या बायका विचारायला लागल्या, मिस्त्री, काय झालं? म्हटलं, जेवतोय.

पाकिटं घरी नेलेली नाहीत. माझ्या कामाच्या खणात, बॉबिनांच्या डब्यामागे ठेवलीत. तिला दाखवलं तर आधी डॉक्टरला विचारू म्हणेल, आणि डॉक्टरला नाही म्हणायची सवयच लागलीय. तू तपासलंयस, आता वर आणखी कुणाला विचारायचं? दुपारच्या डब्यावर घालतो, आणि पाण्यात लिंबू पिळून त्यातही. जन्मभर तुझ्या मिठाला जागेन.

एक पाकीट संपतही आलं. हावरट आहे मी, माहीतच आहे तुला.

तुझा बोका

५ एप्रिल

बोक्या,

तुझं पत्र प्रेसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. "मग मोजणं सोडून दिलं" ऐकून शाईवाला इतका हसला की त्याचा चहा सांडला. किती दिवसांनी तुझं असं पत्र आलं!

मात्र बायकोपासून लपवू नकोस. एवढी पहाटे उठून तुझा डबा करते ती, तिला सांग. मीठच आहे, चोरीचा माल नाही. आणि बोटांची सूज उतरली का ते लिहायला विसरलास. की मुद्दाम विसरलास? आणखी तीन पाकिटं पाठवते आहे. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येते, मग तुम्हा दोघांना समोर बसवून जेवण म्हणजे काय ते शिकवते.

तुझी ताई

२८ मे

ताई,

तुम्ही परत गेल्याला आज तीन आठवडे झाले. पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

मी पुन्हा ड्यूटीवर जाते. पहाटे अजूनही चारलाच उठते आणि डब्यासाठी बटाटे काढून बसते, मग लक्षात येतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं तेच खरं, हृदय बंद पडलं. त्रास झाला नाही म्हणाले. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले. त्यावर आपण दोघींनी विश्वास ठेवायचा.

दुकानातून ह्यांच्या खणातलं सामान आणून दिलं. तेलाचा डबा, बॉबिना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, तुमची पत्रं. बाकी काही नव्हतं.

तुम्ही स्वतःला जपा. जेवण टाळू नका.

११ जून

कंडक्टरीणबाई,

ही हाक मारायला आता जड जातं, पण दुसरी कुठली जमत नाही. त्यानंच ठेवलेलं नाव आहे ते.

बाकी काही नव्हतं कसं? त्याच खणात त्यानं मी पाठवलेलं मीठ ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं त्यानं, चोरून खायचा. आता तू ज्याच्यावर रागावशील तो नाही म्हणून सांगते. एखादं फोडलेलं पाकीट असेल तर मला पाठव. त्यात त्याची बोटं गेली असतील. लोक शर्ट ठेवतात, घड्याळ ठेवतात, मी मीठ ठेवीन. वेडेपणा आहे, पण मला माझा वेडेपणा करू दे.

आणि एक विचारते. मला झोप लागत नाही म्हणून विचारते. नुसत्या बीपीनं चव्वेचाळीस वर्षांचा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जातो? तुझ्याकडे तो कागद होता ना, डॉक्टरांचा? काय होतं त्यात?

ताई

२५ जून

ताई,

मीठ ओलं होऊन खराब झालं होतं, टाकून दिलं. तुम्हाला हवं असेल हे तेव्हा सुचलं नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ह्यांनी मला शपथ घातली होती, पण आता ती कुणासाठी पाळू? नुसतं बीपी नव्हतं, ताई. दोन्ही किडन्या तीन वर्षांपासून कामातून जात होत्या. म्हणून फळं बंद, म्हणून भाज्या दोन पाण्यांत उकळणं. अडाणीपणा नव्हता तो. डॉक्टर म्हणाले होते, पुढेमागे किडनी बदलावी लागेल, घरातलं कुणी देणारं आहे का? माझी जुळली नाही. त्या दिवशी घरी येताना मला म्हणाले, "ताईला कळता कामा नये. कळलं तर ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं येईल आणि काढा म्हणेल. तिनं माझ्यापायी शाळा दिली, लग्न दिलं. आता शरीर कापून घेऊ का तिचं?" मी खूप भांडले. तुम्हाला पत्र लिहायला बसलेसुद्धा एकदा. ह्यांनी कागद काढून घेतला आणि लहान मुलासारखे रडले.

तुमच्यापासून लपवलं, त्याची शिक्षा मला द्या. मी ऐकायला नको होतं त्यांचं.

१६ जुलै

कंडक्टरीणबाई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आधी तुझा राग आला. मग त्याचा आला. एक किडनी ती काय, सोळाव्या वर्षापासून मी त्याचीच तर होते. मला न विचारता माझ्या वतीनं नाही म्हणणारा तो कोण? उशीत तोंड खुपसून भांडले त्याच्याशी. हे सगळं तुला लिहायचं होतं आणि मी लिहायला बसणार होते.

सोमवारी ते काम पुन्हा आलं. मिठाचं. माल संपला म्हणून गिऱ्हाइकानं नव्यानं पाकिटं मागवलीत. मी कागद समोर घेतला, पट्टी ठेवली आणि नेहमीसारखी शेवटून निघाले. नये. वापरू. सल्ल्याशिवाय. वैद्यकीय. असलेल्यांनी. विकार. मूत्रपिंडाचे.

पट्टी तिथेच राहिली. मग मी सव्वीस वर्षांत केलं नाही ते केलं, ती ओळ सरळ वाचली.

वरच्या ओळीत लिहिलंय की सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलं आहे. शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंकडे गेले आणि पोटॅशियम म्हणजे काय ते विचारलं. त्यांनी नीट समजावलं. केळ्यात असतं, बटाट्यात असतं, धडधाकट माणसाला चांगलंच असतं. जास्तीचं किडनी बाहेर टाकते. किडनीला ते टाकता येत नसेल तर रक्तात साठत जातं, आणि हृदय बंद पडतं. "कुणासाठी विचारताय?" म्हणाल्या. मी तशीच प्रेसमध्ये परत आले.

तू दोन पाण्यांत बटाटा उकळून जे काढून टाकत होतीस, तेच मी पाकिटात भरून त्याला पाठवत होते. वर तुला अडाणी म्हटलं.

आमच्याकडे जुने तपासलेले कागद ठेवलेले असतात. फेब्रुवारीचा काढून पाहिला. त्या ओळीच्या समोर समासात माझी बरोबरची खूण आहे आणि खाली सही. ओळ बिनचूक आहे. एक मात्रासुद्धा चुकलेली नाही.

मालकांना म्हटलं, ही ओळ पुढच्या बाजूला मोठी घ्या. ते म्हणाले, मजकूर गिऱ्हाइकाचा, आपण फक्त छापतो. मी सही केली नाही. कागद तसाच ठेवून घरी आले. दुसऱ्या कुणीतरी केली असेल.

आता तू खरं सांग. तू ते मीठ टाकलेलं नाहीस. ओलं झालं नव्हतं. तुला माहीत होतं. मला खरं ऐकायचं आहे, आणि तुझ्याकडूनच. माझ्या बोक्याला मी मारलं का?

ताई

२ ऑगस्ट

ताई,

हो, मला माहीत होतं.

त्या दिवशी तुम्ही पोचायच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. दवाखान्यात आणल्या आणल्या काढलेल्या रक्तात पोटॅशियम फार वाढलंय, फळं, रस, काही खात होते का? मी छातीठोक सांगितलं, कणभर नाही, मी स्वतः डबा करते. दुकानातलं सामान तुम्ही परत गेल्यावर चार दिवसांनी मिळालं. पाकीट पिशवीत घालून तशीच ड्यूटीवर गेले. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून ते काढून बघितलं. आधी पुढून, मग मागून. मला तुमच्यासारखं वाचता येत नाही, मी आपली सरळ वाचते. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून मागे बघायला आला, तेव्हा मी सीटांच्या मधल्या जागेत खाली बसले होते.

खोटं नाही बोलणार आता. पहिले पंधरा दिवस मी तुमचा इतका राग केला की काय सांगू! तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. त्यात एकच वाक्य होतं, "तुम्ही मारलंत त्यांना." पाकिटात घातलं, तिकीटही लावलं, आणि मग तुमची पत्रं वाचायला घेतली. सगळी, पहिल्यापासून. पाच एप्रिलच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, "बायकोपासून लपवू नकोस, तिला सांग." ते वाचलं आणि माझं पत्र फाडलं.

त्यांनी तुम्हाला किडनीचं सांगितलं असतं तर तुम्ही मीठ पाठवलं नसतं. मला मिठाचं सांगितलं असतं तर मी खाऊ दिलं नसतं. आपण दोघी त्यांना जपत होतो आणि दोघींना अर्धं अर्धंच माहीत होतं. पूर्ण माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो जेवणात चव नाही म्हणून रडायचा. कुणाला दोष देऊ? मला तर वाटतं, तीन वर्षांत एखाद्या दिवशी तरी मी त्यांच्या समोर बसून तेच बेचव जेवले असते, तर त्यांना चोरून खावं लागलं नसतं. मी माझ्या ताटात मीठ घालून घ्यायची, ताई. स्वयंपाकघरात उभं राहून, त्यांना दिसू नये म्हणून.

तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देते. मीठ तुम्ही पाठवलंत, हे खरं. मारलं नाहीत. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्ही घेऊन जगता येतंय की नाही ते अजून कळत नाही. काही दिवस येतं, काही दिवस नाही.

पाकीट सोबत पाठवत नाही. ते घरी आहे, तुम्ही आलात की बघा. खणात आणखी एक कागद होता, तोही मी लपवला. तो तुमचा आहे, म्हणून जसाच्या तसा उतरवून देते. तारीख नाही. अक्षर खूप वाकडं आहे.

"ताई, तू पाठवलेलं संपत आलं, जमल्यास दोन पाठव. पाय जड झालेत, बाकी मजेत. तू येतेस ते फार बरं. आलीस की एक सांगायचंय, पत्रात नको. रागावणार नाहीस असं आधी कबूल कर. जेवायला काय करू ते"

एवढंच आहे. पुढे दोरा ओवायला कुणी हाक मारली असेल, नाहीतर बोटं दुखली असतील.

तुम्ही सुट्टी काढणार होतात ती काढा. एकट्या घरात राहू नका, आणि मलाही ठेवू नका. मी परवा माझ्यासाठी भाजी केली आणि मीठ घालायला गेले, तर किती घालायचं तेच आठवेना. तीन वर्षांत माझ्या हाताला मापच राहिलेलं नाही. एकदा खारट झाली, एकदा अळणी. दोन्ही वेळा टाकून दिली.

तुम्ही या, ताई. भाजी मी करीन. मीठ तुम्ही घाला.

तुमची
कंडक्टरीणबाई